आयर्लंडचा जुना 'ब्रेहन' कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेहन कायदा म्हणजे नक्की काय?

आयर्लंडच्या गेलिक (मूळ आयरिश भाषा-संस्कृतीच्या) मुलखात सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालत आलेला देशी कायदा. 'ब्रेहन' म्हणजे न्याय सांगणारा जाणकार. त्याच्यावरून इंग्रजांनी हे नाव रूढ केलं. हा कायदा कुण्या राजाने फर्मान काढून केलेला नाही. जाणकारांच्या घराण्यांनी तो पाठ करून सांभाळला, शिष्यांना शिकवला आणि सातव्या-आठव्या शतकांत जुन्या आयरिश भाषेत लिहून काढला. त्यातला सगळ्यात मोठा संग्रह म्हणजे 'शेनखस मार'.

आज हाती असलेल्या पोथ्या मात्र बहुतेक चौदाव्या ते सोळाव्या शतकांतल्या आहेत. मूळ मजकूर ठळक अक्षरात, त्याच्या ओळींमध्ये बारीक टीपा आणि जागा मिळेल तिथे लांबलचक भाष्य. कित्येकदा टीप लिहिणाऱ्याला पाच-सातशे वर्षांपूर्वीचं वाक्य कळलेलंच नसतं, तरी तो काहीतरी ठोकून देतो. टीकाकारांची जात सगळीकडे एकच!

पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते. मग निवाडा मानायचा कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि खरी गंमतही इथेच आहे. त्या काळी आयर्लंडमध्ये एका वेळी शंभर-दीडशे छोटे राजे असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अशा एका राज्याला 'तूआ' म्हणत. राजा होता, पण शिपाई धाडून वसुली करणारं सरकार नव्हतं.

तरी व्यवहार अडत नसत, कारण महत्त्वाचा करार जामिनाशिवाय होतच नसे. जामीन तीन तऱ्हांचे. एक जण स्वतःच्या अब्रूच्या जोरावर समोरच्याला शब्द पाळायला लावायचा. दुसरा वेळ आली तर आपल्या गोठ्यातून देणं फेडायचा. तिसरा तर स्वतःलाच ओलीस ठेवायचा. म्हणजे शब्द मोडणारा एकटा बुडत नसे, जामिनालाही घेऊन बुडायचा. आणि जामिनाशी गाठ पडण्यापेक्षा देणं फेडलेलं परवडायचं.

त्यावरही कुणी दाद दिली नाही तर जप्ती. गुरं हाकून न्यायची, पण तीसुद्धा शिस्तीत. आधी नोटीस, मग मुदत, मग ठरावीक दिवस गुरं कोंडवाड्यात. त्या अवधीत देणेकऱ्याने येऊन सोडवली नाहीत तर ती टप्प्याटप्प्याने जप्त करणाऱ्याची होत. रात्री दरोडा घातल्यासारखी गुरं पळवली तर उलटा दंड बसायचा.

या सगळ्याच्या मागे उभी असायची भाऊबंदांची फळी. एका पणज्याची पोरं, नातवंडं, पतवंडं मिळून एक कूळ. जमीन मूळची या कुळाची. एकाने गुन्हा करून पोबारा केला तर दंड उरलेल्यांच्या माथी. त्यामुळे घरातल्या उडाणटप्पूवर राजाआधी चुलत्यांचीच नजर असायची. सुटका नसेल तर कुळाने त्याच्याशी नातं तोडल्याचं जाहीर करायचं. मग त्याला कुणीही वाली नाही.

खुनाला फाशी नव्हती?

होती, पण तो नेहमीचा रस्ता नव्हता. नेहमीचा रस्ता भरपाईचा, आणि तीही दुहेरी. पहिली रक्कम देहाची. तिला 'एरिक' म्हणत. स्वतंत्र माणूस मेला तर ती 7 कुमाल, मग तो लहान असो की मोठा. दुसरी रक्कम मेलेल्याच्या नातलगांच्या मानाची. ती ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे कमीजास्त. ऐपत नसेल आणि कूळही हात वर करत असेल, तर गुन्हेगार फिर्यादीच्या ताब्यात जायचा. त्याला मारायचं की गुलाम करायचं, हे फिर्यादीने ठरवायचं.

कुमाल म्हणजे मुळात दासी. हिशेबात ती साधारण तीन दुभत्या गाईंच्या मोलाची धरत. ज्या समाजात गुलाम बाई हे मोजणीचं एकक होतं, त्याचं 'प्राचीन स्वातंत्र्याचा स्वर्ग' असं वर्णन वाचलं की ही गोष्ट आठवावी.

सर्वांत घोर पाप म्हणजे आपल्याच कुळातल्या माणसाचा खून. तिथे भरपाई देणारेही तेच आणि घेणारेही तेच, त्यामुळे सगळी व्यवस्थाच ठप्प. काही गुन्ह्यांत, विशेषतः बाईने खून केला असेल तर, एक वेगळी शिक्षा होती. होडीत बसवायचं, एक वल्हं आणि वाडगाभर पेज द्यायची, आणि वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा होडी ढकलून द्यायची. पुढचं देवाच्या हवाली.

जखमेची भरपाई कशी ठरवत?

धान्याच्या दाण्यांनी! जखम किती दाण्यांएवढी आहे ते बघायचं. पण दाणा कुठला, हे जखमीच्या दर्जावर. वरच्या माणसाला गव्हाचा दाणा, खालच्या पायरीवर वाटाणा किंवा घेवड्याएवढा मोठा दाणा. दाणा जितका लहान तितका आकडा मोठा, आणि आकडा मोठा तितकी भरपाई जास्त. विषमता इतक्या नेटक्या हिशेबात बसवलेली क्वचितच बघायला मिळते.

त्याहून जुना रिवाज शुश्रूषेचा. ज्याने मारलं त्यानेच जखमीला तिसऱ्या कुणाच्या घरी ठेवून बरं होईपर्यंत त्याचा आणि त्याच्या सोबतच्या माणसांचा खर्च करायचा. त्याच्या शेतावर बदली माणूस द्यायचा. जखमीच्या खोलीचे नियमही लिहून ठेवले आहेत. तिथे वेडगळ माणसांना, भांडखोर बायकांना शिरू द्यायचं नाही. कुत्र्यांची झुंज लावायची नाही. डुकरांची कलकल नको. त्याच्या अंगावरून पलीकडच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. झोपलेल्याला दचकवून उठवायचं नाही. ही यादी आजही दवाखान्याच्या भिंतीवर लावावी अशीच आहे. मात्र इ.स. 700 च्या सुमारासच हा रिवाज मागे पडून त्याच्याऐवजी सरळ रक्कम द्यायची पद्धत आली होती.

समाज समतेचा होता का?

अजिबात नाही. प्रत्येकाच्या मानाला ठरलेली किंमत होती. धाकट्या शेतकऱ्याची 3 शेत ('शेत' हे अर्ध्या दुभत्या गाईएवढं एकक, आपलं शेत नव्हे), गाईगुरांच्या चांगल्या शेतकऱ्याची 5, छोट्या राजाची 7 कुमाल. तुमची साक्ष किती वजनाची, तुम्ही कितीपर्यंत जामीन राहू शकता, सगळं या आकड्यावर ठरायचं. स्वतःच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार एकट्याच्या जबाबदारीवर करताच यायचा नाही.

'क्रीथ गबलाख' नावाचा इ.स. 700 च्या आसपासचा ग्रंथ पायरीवार सांगतो की कुणाच्या घरी काय हवं. खातापिता शेतकरी म्हणजे ज्याच्या घरी नेहमी तीन पोती असतात: एक मोडाच्या धान्याचं, बिअरसाठी. एक समुद्राच्या मिठाचं, जनावर कापलं की लागतं म्हणून. एक कोळशाचं, लोहारकामासाठी. शिवाय मोठी कढई, मेणबत्तीची घोडी, गिरणीत वाटा. आणि अंगणात असा एक डुक्कर, जो अवचित पाहुणा आला तरी यजमानाला शरमेने लाल होऊ देत नाही! पाहुण्याला विन्मुख पाठवणं म्हणजे अब्रूला बट्टा, आणि अब्रू म्हणजे रोकडा आकडा.

भेद तान्हेपणापासूनच सुरू व्हायचा. मुलं दुसऱ्या घरी वाढवायला देण्याची पद्धत होती, त्यातून दोन घराण्यांचं नातं पक्कं व्हायचं. पण सांभाळणाऱ्याने कुठल्या मुलाला काय भरवायचं हेही टीपेत लिहिलंय. सामान्याच्या पोराला ताकात किंवा पाण्यात शिजवलेली ओटची लापशी आणि शिळं लोणी. सरदाराच्या मुलाला धारोष्ण दुधातली बार्लीची, वर ताजं लोणी. राजपुत्राला दुधात शिजवलेली गव्हाची, वर मध.

मात्र या पायऱ्या जन्मभराच्या नव्हत्या. संपत्ती टिकली तर तिसऱ्या पिढीत घराणं वर चढायचं, घसरली तर उतरायचं. विद्येने माणूस एका जन्मातच वर जायचा. अव्वल दर्जाच्या कवीचा मान राजाच्या बरोबरीचा होता.

राजा कायद्याच्या वर होता?

नाही, उलट जास्त बांधलेला होता. खोटा निवाडा देणारा, पाहुण्याला अन्न नाकारणारा, लढाईतून पळताना पाठीवर वार घेणारा राजा आपला मान गमवायचा. कुऱ्हाड, कुदळ किंवा मोगर हातात घेऊन काम करताना सापडला तर त्याची किंमत साध्या माणसाएवढी धरायची. त्याच्या आठवड्याचं वेळापत्रकही ग्रंथात आहे: रविवारी बिअर, सोमवारी निवाडे, मंगळवारी पटाचा डाव, बुधवारी शिकारी कुत्र्यांची शर्यत बघायची, गुरुवारी बायकोचा सहवास, शुक्रवारी घोडे, शनिवारी पुन्हा निवाडे. लिहिणाऱ्याने हे कितपत गंभीरपणे लिहिलं असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

दारात उपाशी बसण्याची प्रथा आपल्या धरण्यासारखीच होती का?

आश्चर्य वाटावं इतकी सारखी. देणेकरी बडा असेल, सरदार किंवा धर्मपीठाचा, तर थेट त्याची गुरं उचलता येत नसत. आधी त्याच्या दारात उपाशी बसावं लागे. धनको उपाशी असताना हा आत बसून जेवला तर देणं दुप्पट. त्याने तारण देऊ केलं तरी धनको हट्टाने उपाशीच बसून राहिला तर धनकोचा दावाच बुडायचा. म्हणजे हत्याराला दोन्हीकडून धार होती. दुर्लक्ष करणाऱ्या बड्या माणसाला नंतर स्वतःच्या दाव्यासाठी कुणाकडे तोंड घेऊन जायची सोय उरत नसे.

हे साम्य पहिल्यांदा मांडणारे लोक भारतात नोकरी केलेले होते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचं काम पाहिलेल्या हेन्री मेन यांनी 1875 मध्ये आयरिश उपोषण आणि हिंदुस्थानी धरणं शेजारी ठेवून दाखवलं. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स तर दुहेरी माणूस. 1877 ते 1882 या काळात ते कौन्सिलचे विधिसदस्य होते, 1882 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता, आणि त्याच काळात कलकत्ता-सिमल्याहून ते जुन्या आयरिश पोथ्या संपादून छापत होते. इंग्रजी कायद्याने मात्र धरणं गुन्हा ठरवलं. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 508 खालचं पहिलं उदाहरणच दुसऱ्याच्या दारात धरणं धरून त्याच्यावर दैवी कोप होईल असं भासवणाऱ्याचं होतं; ती संहिता 2024 पर्यंत चालली.

आता हमखास येणारा उपप्रश्न: 1920 मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी 74 दिवसांच्या उपोषणानंतर इंग्रजांच्या तुरुंगात वारले, ते याच परंपरेतून का? कवी-पुढाऱ्यांनी तसं मांडलं खरं. पण मधल्या तीनेकशे वर्षांची साखळी कुणाला जोडून दाखवता आलेली नाही.

बायकांना पुरुषांच्या बरोबरीने हक्क होते म्हणतात, ते खरं का?

इंटरनेटवर फिरणारी ही सर्वांत लाडकी समजूत, आणि निम्मीच खरी. एका जुन्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की मुलगी असताना बाप तिच्यावर देखरेख करतो, बायको असताना नवरा, मुलं झाल्यावर मुलगे. वाचताना 'पिता रक्षति कौमारे' आठवल्याशिवाय राहत नाही. बाईचा मान नवऱ्याच्या मानाच्या निम्मा. तिची साक्षही बहुतेक बाबतीत ग्राह्य नाही.

पण जोडप्यांच्या कायद्याचा ग्रंथ उघडला की चित्र बदलतं. दोघांनीही संसारात माल घातला असेल तर एकमेकांना विचारल्याशिवाय मोठा व्यवहार करता येत नसे. नवरा नपुंसक असेल, इतका लठ्ठ असेल की संबंधच होऊ नये, शेजघरातल्या गोष्टी चारचौघांत सांगत असेल, वळ उठेपर्यंत मारत असेल, तर बायको आपला वाटा घेऊन निघू शकायची. वाटणी जमीन कुणाची, गुरं कुणाची आणि कष्ट कुणाचे या तीन हिशेबांनी. लोकर नुसती कातरलेली असेल तर बायकोला सहावा हिस्सा, पिंजून झाली असेल तर तिसरा, विणून कापड झालं असेल तर निम्मं. बाईचे हात जितके लागले तितका तिचा वाटा वाढत जायचा.

एकाहून जास्त बायका करणं कायदेशीर होतं. एका ग्रंथकाराने तर जुन्या करारातल्या पुरुषांचा दाखला देऊन म्हटलंय की याची निंदा करणं स्तुती करण्यापेक्षा सोपं नाही. घरात सवत आली की पहिल्या बायकोला तीन दिवस तिच्यावर हात टाकायची मोकळीक, जीव मात्र घ्यायचा नाही. सवतीने उलट बोचकारावं, झिंज्या उपटाव्यात, शिव्या द्याव्यात, एवढंच.

मधमाश्यांवर खरंच वेगळा कायदा होता?

होता, आणि या कायद्याची डोकॅलिटी बघायची तर इथेच बघावी. गाय दुसऱ्याच्या कुरणात चरली तर भरपाई द्यावी लागते. मग माझ्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरल्या त्याचं काय? त्यांना कुंपण घालता येत नाही, राखणही बसवता येत नाही. म्हणून नियम असा: पहिली तीन वर्षं माफ. पोळी वाढायला लागली की भोवतालच्या शेजाऱ्यांना पाळीपाळीने एकेक नवं मोहोळ द्यायचं. मग सगळ्यांच्याच माश्या सगळ्यांच्याच फुलांवर, तक्रार कोण करणार?

कुणाला माशी चावली तर मालकाने पोटभर मध द्यायचा. पण चावलेल्याने आधी शपथ घ्यायची की चावणारी माशी मी मारली नाही. मारली असेल तर हिशेब तिथेच मिटला. डोळाच गेला तर मात्र सबंध मोहोळ. याच ग्रंथात काँगल काएख राजाचं उदाहरण येतं. माशीने डोळा फोडला आणि व्यंग असलेला राजा चालत नाही म्हणून 'तारा' इथली राजगादी गेली. हा राजा 637 मध्ये माग राथच्या लढाईत पडला.

ख्रिस्ती धर्म आल्यावर हे सगळं कसं टिकलं?

लिहायला शिकवलं ते धर्मानेच. शेनखस मारच्या प्रस्तावनेत गोष्ट रचलीय की संत पॅट्रिकने राजा लेगरे आणि इतरांसोबत बसून जुना कायदा तपासला, धर्माला बाधेल तेवढा गाळला, बाकीचा आशीर्वाद देऊन ठेवला. इतिहास म्हणून ती टिकत नाही, पण कायद्याच्या पंडितांना आपला सांधा कसा जुळवायचा होता ते त्यातून दिसतं. धर्मपीठानेही स्वतःची भर घातली. 697 मध्ये आयोनाचे मठाधिपती आदोवनान यांनी 'बर' या गावी राजे आणि धर्मगुरू जमवून युद्धात बायका, मुलं आणि धर्मगुरूंना न मारण्याचा कायदा करवून घेतला. त्याला 91 जण जामीन राहिले.

व्हायकिंगांनी हा कायदा संपवला का?

नाही. 795 पासून त्यांच्या धाडी सुरू झाल्या, डब्लिनसारखी शहरं वसली, कायदा होता तसाच राहिला.

मग संपला कसा?

एका घावात नाही. पहिला धक्का बाराव्या शतकातल्या धर्मसुधारकांचा. फारकत आणि बहुपत्नीत्व त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. 1169 मध्ये इंग्लंडचे नॉर्मन सरदार उतरले, 1171 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आला आणि त्यांच्या ताब्यातल्या भागात इंग्रजी कायदा सुरू झाला. पण तो आयरिश रयतेला उपलब्धच नव्हता! आयरिश माणूस राजाच्या कोर्टात गेला तर 'हा आयरिश आहे' एवढं म्हणून दावा उडवता यायचा. 1277 च्या सुमारास आयरिश धर्मगुरूंनी हजारो मार्क देऊ करून इंग्रजी कायदा मागितला. पहिला एडवर्डही म्हणाला की आयरिश कायदे देवाला किळसवाणे आहेत, त्यांना कायदा म्हणणंच चूक. तरी सौदा फिसकटला.

नंतर गाडी उलटी फिरली. नॉर्मनांचे वंशजच आयरिश बोलू लागले, मुलं आयरिश घरांत वाढवू लागले, तंट्यासाठी ब्रेहन ठेवू लागले. 1366 चे किलकेनीचे कायदे म्हणजे याच वसाहतवाल्यांना घातलेला दम. आयरिश भाषा बोलू नका, ब्रेहन कायदा वापरू नका, हे बजावणारा तो दस्तऐवज लिहिला होता फ्रेंचमध्ये. परिणाम बेताचाच झाला. चौदावं-पंधरावं शतक तर ब्रेहन घराण्यांच्या भरभराटीचं. मॅक ईगन घराण्यातला विशीतला ह्यू 1350 च्या नाताळच्या रात्री बापाच्या कायद्याच्या पोथीवर लिहितो की महामारीचं हे दुसरं वर्ष, देवा यातून वाचव, आणि वाचणाऱ्याने माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. क्लेअरमधल्या काहेरमॅकनॉक्टनच्या दगडी गढीत ओ'डॅव्हरन घराण्याची कायद्याची शाळा 1560 च्या दशकातही पोथ्या नकलत होती.

खरा घाव बसला तो जमिनीवर. 1541 मध्ये आठवा हेन्री आयर्लंडचा राजा झाल्यावर सरदारांना सांगण्यात आलं की जमीन आम्हाला सोपवा आणि इंग्रजी सनद घेऊन परत न्या. कुळाची जमीन एका माणसाच्या नावावर झाली, ती थोरल्या मुलाकडे जाणार आणि बंड केलं तर जप्त होणार. 1601 मध्ये किन्सेलला आयरिश फौज हरली. 1607 मध्ये उत्तरेचे सरदार देश सोडून गेले. मग उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात वसाहती आल्या. महाअभिवक्ता सर जॉन डेव्हिस यांनी कोर्टाकडून वारसांतली वाटणी आणि कुळातून वारस निवडण्याची पद्धत, दोन्ही 1606 ते 1608 या काळात रद्दबातल ठरवून घेतल्या. भाऊबंदांचा सामाईक हक्कच गेला म्हटल्यावर भाऊबंदांवर उभा असलेला कायदा कशावर टेकणार? पोशिंदे सरदार गेले तशा ब्रेहनांच्या इनामजमिनीही गेल्या.

डेव्हिस यांनीच दोन प्रसंग नोंदवलेत. फर्मॅना परगण्यात शेरीफ, म्हणजे सरकारी अंमलदार, पाठवतो म्हटल्यावर तिथला सरदार मग्वायर म्हणाला की खुशाल पाठवा, फक्त त्याची एरिक किती ते आधी सांगा, म्हणजे कुणी त्याचा गळा कापला तर मला मुलखातून वसूल करता येईल. दुसरा प्रसंग म्हाताऱ्या ब्रेहन ओ'ब्रेसलनचा. मग्वायरच्या हक्कांची जुनी गुंडाळी त्याच्याकडे होती. ती मागितली तेव्हा तो कासावीस झाला. चॅन्सेलरने (सरकारच्या मुख्य न्यायाधिकाऱ्याने) ती परत करण्याचा शब्द दिल्यावरच त्याने ती छातीपाशी दडवलेली काढून दिली.

पोथ्या बचावल्या कशा?

काही घरांत पडून राहिल्या, काही संग्राहकांनी नेल्या. 1700 च्या आसपास वेल्श विद्वान एडवर्ड ल्हूईड यांनी बऱ्याच गोळा केल्या आणि त्या पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आल्या. 1852 मध्ये सरकारने आयोग नेमला. जॉन ओ'डोनोव्हन आणि यूजीन ओ'करी यांनी हजारो पानं उतरवून भाषांतर केलं, पण पहिला खंड छापून यायच्या आत, 1865 पूर्वीच, दोघेही वारले. पुढच्या खंडांवर स्टोक्स यांनी सडकून टीका केली. सगळ्या पोथ्यांचा विश्वसनीय पाठ डी. ए. बिन्ची यांनी थेट 1978 मध्ये सहा खंडांत दिला.

आज आयरिश कोर्टात हा कायदा चालतो का?

नाही. पण एकदा कामी आला. डोनेगलमध्ये अर्न नदीच्या मुखाशी सामन मासे पकडण्याचा हक्क आपला एकट्याचा, असं एका मालकी कंपनीचं म्हणणं होतं. किलडोनीचे कोळी ते मानेनात. इंग्रजी कायद्याप्रमाणे भरतीच्या पाण्यात असा खासगी हक्क 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेनंतर नव्याने देता येत नाही, म्हणजे तो त्याआधीचा आहे हे दाखवणं भाग होतं. पण त्या काळी डोनेगलात ब्रेहन कायदा चालत होता. मग त्याचे अभ्यासक साक्षीला बोलावले गेले आणि त्या कायद्यात असा खासगी हक्क बसतो का, यावर कोर्टात खल झाला. 1930 च्या दशकात निकाल लागला तो कोळ्यांच्या बाजूने.